‘मोताळा’ची अक्षरं किती? मराठी भाषा विद्यापीठाच्या कुलगुरूंना खुलं पत्र

माननीय कुलगुरू महोदय,
मराठी भाषा विद्यापीठ, रिद्धपूर, जि. अमरावती



मी बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळ्याचा. आम्ही घाटाखालची माणसं. राजूर घाट उतरून मलकापूरकडे निघालं की आमचं गाव लागतं. इथे मी रोज संध्याकाळी अकरावी-बारावीच्या आणि कॉलेजच्या मुलामुलींना पायथॉन ही संगणकाची भाषा शिकवतो. मुलं आसपासच्या खेड्यांतून येतात, शेवटची एसटी गाठायची म्हणून घड्याळाकडे बघत शिकतात, आणि तरी जिद्दीनं शिकतात. त्यांच्यापैकी एका मुलीनं विचारलेल्या प्रश्नापायी हे पत्र लिहितो आहे.

जुलैची संध्याकाळ होती. पाऊस लागला आणि लाइन गेली. राउटर बंद, इंटरनेट बंद, मोबाइललाही रेंज नाही. लॅपटॉपच्या बॅटऱ्या तेवढ्या चालू होत्या. ती मुलगी गावांच्या नावांतली अक्षरं मोजणारा छोटा प्रोग्रॅम लिहीत होती. पायथॉनमध्ये लांबी मोजायला ‘लेन’ नावाचं फंक्शन आहे. तिनं त्याला ‘मोताळा’ हा शब्द दिला आणि उत्तर आलं सहा.

‘‘सर, मोताळा तीनच अक्षरं आहे ना? हे सहा काऊन सांगून राह्यलं?’’

एरवी तिनं मोबाइल काढून शोधलं असतं. त्या दिवशी ती सोय नव्हती. मी म्हटलं, ‘‘त्यालाच विचार.’’ हेल्प लिहायचं, पुढे कंसात ज्याच्याबद्दल विचारायचं त्याचं नाव. तिनं हेल्प लिहून कंसात लेन लिहिलं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. अर्थ असा, की दिलेल्या साठ्यात किती गोष्टी आहेत तो आकडा हे फंक्शन परत देतं. मी तिला तो मराठीत सांगितला. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘‘मंग मो, ता, ळा, तीनच गोष्टी झाल्या ना सर.’’

महोदय, ती ओळ खोटी नव्हती. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र तिच्यात नव्हतं. संगणकाला ‘मोताळा’ दिसतो तो असा: म, ओची मात्रा, त, काना, ळ, काना. प्रत्येकाला युनिकोड या संगणकाच्या चिन्हतक्त्यात स्वतंत्र क्रमांक आहे, म्हणून गोष्टी सहा. ‘बुलढाणा’ सात भरतो आणि ‘नळगंगा’ सहा. इंग्रजी शब्दांत अक्षर आणि क्रमांक यांची जोडी बहुधा एकास एक असते. ती ओळ लिहिणाऱ्याला याबद्दल आणखी काही सांगावंसं वाटलं नसेल, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. पण मराठीत विचारणाऱ्याला पहिल्याच पायरीवर ठेच लागते.

ही ‘त्यालाच विचार’ची सोय नेमकी काय, ते थोडं सविस्तर सांगतो. माझं सगळं म्हणणं तिच्यावरच उभं आहे.

प्रोग्रॅम लिहिताना आपण दुसऱ्यांनी तयार केलेली फंक्शनं वापरतो. त्यांचा संच म्हणजे लायब्ररी. पायथॉनमध्ये फंक्शनच्या अगदी सुरुवातीला, तीन अवतरणचिन्हांच्या आत, ते काय करतं हे लिहून ठेवता येतं. याला डॉकस्ट्रिंग म्हणतात. प्रोग्रॅम चालताना साध्या टिपा गळून पडतात. डॉकस्ट्रिंग मात्र त्या फंक्शनला चिकटून राहते आणि विचारलं की बाहेर येते. ही कल्पना पायथॉनच्याही आधीची. युनिक्स या संगणकप्रणालीची पहिली मार्गदर्शिका ३ नोव्हेंबर १९७१ ची आहे, आणि पुढे ती संगणकावरच ‘मॅन’ लिहून वाचता येऊ लागली. स्वतःबद्दल स्वतःच सांगणारा प्रोग्रॅम, अशी ओळख १९७६ पासूनच्या ईमॅक्स या एडिटरनं मिरवली. पायथॉनमध्ये का-पिंग यी यांनी लिहिलेलं पायडॉक २००१ साली २.१ या आवृत्तीत आलं, त्याच वर्षाच्या अखेरीस २.२ मध्ये हेल्प हे फंक्शन थेट हाताशी मिळालं. डॉकस्ट्रिंग कशी लिहावी याचे संकेत डेव्हिड गुडजर आणि ग्विडो व्हॅन रॉसम यांनी त्याच वर्षी मांडले.

माझ्या वर्गात मी तीन प्रश्न विचारायला शिकवतो. अनोळखी वस्तू समोर आली की आधी विचार, तू कोण? त्यासाठी ‘टाइप’. मग, तुझ्याजवळ काय काय आहे? त्यासाठी ‘डिर’. आणि त्यातलं एखादं नाव धरून, हे काय करतं? त्यासाठी ‘हेल्प’. पहिल्यांदा डिर चालवलं की मुलं दबकतात. मागेपुढे दोन-दोन अधोरेषा असलेली नावं धडाधड येतात. ती पायथॉनची आतली कामं, सध्या सोडून द्यायची. त्यांच्या खाली कामाची नावं असतात. साध्या स्ट्रिंगजवळ, म्हणजे मजकुराच्या तुकड्याजवळ, अशी चाळीसहून जास्त निघतात, आणि वर्षभर शिकलेल्या मुलालाही त्यांतली आठ-दहाच ठाऊक असतात. मोठं उत्तर आलं की पडदा अर्ध्यात थांबतो. स्पेसबारनं पुढचं पान, क्यूनं बाहेर. हे न सांगितल्यामुळे लॅपटॉपच बंद करणारी मुलं मी पाहिली आहेत.

उत्तराच्या पहिल्या ओळीत फंक्शनचं नाव आणि त्याला काय काय द्यायचं ते असतं. ही ओळ वाचता आली की निम्मं काम झालं. ‘सॉर्टेड’ला विचारलं तर तिच्यात मध्येच एक तिरकी रेघ दिसते आणि एक चांदणी. मुलांना वाटतं छपाईची चूक आहे. रेघेच्या आधीचं नुसतं जागेवर द्यायचं, चांदणीनंतरचं नाव घेऊनच द्यायचं, एवढाच त्याचा अर्थ. पण तो कुणीतरी एकदा सांगावा लागतो, आणि आमच्या मुलांना तो मराठीत सांगणारा मजकूर मला अजून कुठे दिसला नाही.

आपण म्हणाल, आता मोबाइलवर विचारलं की सगळं मिळतं. मिळतं खरं. पण ते आपल्या संगणकातल्या आवृत्तीचं असेलच असं नाही. मागच्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलानं जुना व्हिडिओ पाहून पांडाज या लायब्ररीतल्या तक्त्याला ‘ॲपेंड’नं ओळ जोडायला घेतली. चूक, पुन्हा चूक. दोन संध्याकाळी गेल्या. तक्त्यावरचं ते ॲपेंड २०२३ च्या २.० आवृत्तीत काढून टाकलंय, आता ‘कॉनकॅट’ वापरतात. त्यानं डिर चालवून पाहिलं असतं तर यादीत ॲपेंड नाही हे लगेच कळलं असतं. जी लायब्ररी समोर आहे तिलाच विचारलं की तिच्याच आवृत्तीचं उत्तर येतं, इंटरनेटशिवाय येतं, आणि लाइन गेली तरी बॅटरीवर येतं. घाटाखाली या गोष्टीला मोल आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. त्या पावसाळी संध्याकाळनंतर आम्ही एक वही केली. ज्या फंक्शनचं इंग्रजी उत्तर मराठी शब्दावर लावल्यावर कोड्यात टाकतं, त्याची नोंद करायची. वही भराभर भरली.

स्ट्रिंगजवळ ‘इझअल्फा’ आहे. सगळी अक्षरंच आहेत ना, एवढं ते तपासतं. त्याला ‘कमल’ दिलं की हो म्हणतं. ‘विमल’ दिलं की नाही म्हणतं. ‘शरद’ला हो, ‘मोताळा’ला नाही. कारण युनिकोडच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरं नाहीत, ती चिन्हं आहेत, आणि शब्दात एक चिन्ह आलं की हे फंक्शन नकार देतं. त्याच्या डॉकस्ट्रिंगमध्ये याबद्दल अवाक्षर नाही. उद्या आमच्यातला एखादा मुलगा कुठल्यातरी अर्जाची खिडकी लिहील, नाव बरोबर आहे का हे इझअल्फानं तपासेल, आणि विमलबाईंचा अर्ज परत येईल. त्यांना कुणी सांगणारही नाही की वेलांटीमुळे आला. गंमत म्हणजे हाच पायथॉन ‘मोताळा’ हे नाव एखाद्या फंक्शनला द्यायला आनंदानं परवानगी देतो. तिसऱ्या आवृत्तीपासून देवनागरीत नावं चालतात.

मग सॉर्टेड. शब्द क्रमानं लावायला त्याला नळ, नवा आणि नस हे शब्द दिले तर नळ सगळ्यांत आधी येतो. शाळेच्या वर्णमालेत ळ हा ह च्याही नंतरचा. युनिकोडच्या तक्त्यात मात्र त्याला ल आणि व यांच्या मध्ये बसवलंय, आणि सॉर्टेड तो तक्ता पाहतं. वर्गाचा हजेरीपट असो की गावांची यादी, ळ आला की क्रम बिघडतो. ळ तर आपला खास. त्याच्यासाठी डॉकस्ट्रिंगमध्ये एक ओळ असायला नको का?

सुखद नोंदीही आहेत. ‘इंट’ला देवनागरी आकडे दिले तर ते मुकाट्यानं स्वीकारतं. सातबाऱ्यावरून जसंच्या तसं ८५ लिहिलं तरी त्याला पंच्याऐंशीच कळतात. हे कळलं त्या दिवशी वर्गात केवढा आनंद झाला! मुलं सातबाऱ्यावरचे आकडे इंग्रजीत बदलण्यात वेळ घालवत होती. हेल्पमध्ये इंटबद्दल जे येतं त्यात ही गोष्ट लिहिलेली नाही.

म्हणून मला नुसतं भाषांतर नको आहे, महोदय. इंग्रजी ओळ मराठीत आणली तर त्या मुलीला पुन्हा तेच ‘साठ्यात किती गोष्टी’ मिळेल आणि ती पुन्हा तेच विचारेल. मराठीत विचारणाऱ्याला जे विचारावंसं वाटेल त्याचं उत्तर हवं. लेनखाली असं लिहिलेलं हवं, की मराठी शब्दाची लांबी काना-मात्रा वेगळ्या धरून मोजली जाते, ‘मोताळा’ची सहा येते, अक्षरं मोजायची असतील तर रेजेक्स नावाच्या वेगळ्या लायब्ररीची मदत घ्या, ती तीन सांगते. हे लिहायला मराठी जाणणाराच हवा.

स्वतःची फंक्शनं लिहितानाही हाच धडा मी किंमत देऊन शिकलो. काही वर्षांपूर्वी मी शेतीच्या मोजमापाचं एक फंक्शन लिहून मुलांना दिलं होतं. एकर द्या, हेक्टर घ्या. त्यात डॉकस्ट्रिंग लिहिली नाही. मलाच तर वापरायचंय, असं वाटलं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं पेरणीच्या वेळी ते उघडलं. त्यांची जमीन दोन एकर पाच गुंठे. आपल्याकडे ते बोलताना ‘दोन-पाच’ म्हणतात. त्यानं २.५ लिहिलं. फंक्शननं अडीच एकर धरले, म्हणजे दोन एकर वीस गुंठे. खरं क्षेत्र ८५ गुंठे, साधारण ०.८६ हेक्टर. उत्तर आलं १.०१. सोयाबीनचं बियाणं एकरी ३० किलो धरून त्यानं हिशेब केला आणि अकरा किलोच्या आसपास बियाणं जास्त आणलं. पेरणीच्या तोंडावर ज्याच्या घरात पैशाची ओढ असते त्याला अकरा किलो म्हणजे काय, हे मी आपल्याला सांगायला नको. मी त्याच्याकडे जाऊन माफी मागितली.

आता त्या फंक्शनची डॉकस्ट्रिंग अशी आहे: एकर आणि गुंठे वेगवेगळे घेतं आणि क्षेत्र हेक्टरमध्ये देतं. दोन एकर पाच गुंठे असतील तर २ आणि ५ असे दोन आकडे द्या, २.५ लिहू नका, ते अडीच एकर होतात. ४० गुंठ्यांचा एक एकर धरला आहे.

तीन वाक्यं आहेत. हेल्प केलं की अगदी तशीच उमटतात, कारण पायथॉनला डॉकस्ट्रिंग कुठल्या लिपीत आहे याच्याशी देणंघेणं नाही. त्या मुलाच्या वडिलांनाही ती वाचून दाखवली. त्यांना कळली.

हे लिहिताना भाषेचे काही निर्णय घ्यावे लागले, आणि तिथेच मला आपल्या विद्यापीठाची आठवण झाली. इंग्रजी संकेत असा आहे की डॉकस्ट्रिंगचं पहिलं वाक्य आज्ञेच्या रूपात असावं, जणू फंक्शनला सांगतोय, हे परत दे. मराठीत ‘यादी क्रमानं लावून दे’ असं वाचलं की मुलांना वाटलं, हे आपल्यालाच करायला सांगतंय. आपल्याकडे कुणी विचारतं, ‘‘हे काय करतं?’’ तर उत्तर येतं, ‘‘हे यादी क्रमानं लावून देतं.’’ म्हणून आम्ही ‘देतं’, ‘मोजतं’, ‘तपासतं’ असंच लिहितो. माझ्या मते मराठीसाठी तेच योग्य आहे. दुसरा प्रश्न शब्दांचा. लिस्टला यादी म्हणायचं की लिस्ट? मुलं लिस्ट, स्ट्रिंग, लूप म्हणतात, आणि चूक आली की तीच नावं पडद्यावर येतात. मी नावं आहेत तशी देवनागरीत ठेवतो आणि समजावण्याची भाषा पूर्ण मराठी ठेवतो. याला विरोध करणारे मित्र आहेत, त्यांचं म्हणणंही मी ऐकून घेतलं आहे. पण यादी वाचून मुलगी पुन्हा ‘म्हणजे लिस्ट ना सर?’ असं विचारणार असेल तर मध्ये एक पायरी उगाच वाढली. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांबद्दल मला आदर आहे. कोश मात्र वेगळ्या कपाटात राहतो आणि गरज पडते तेव्हा कपाट दूर असतं. डॉकस्ट्रिंग ज्या वस्तूबद्दल आहे त्या वस्तूतच राहते.

आपलं विद्यापीठ रिद्धपूरला उभं राहिलं याचा आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना फार आनंद आहे. चक्रधरस्वामींच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांनाच जाऊन विचारून म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं, ते रिद्धपुरात. संस्कृत जाणणाऱ्या शिष्याला महानुभाव पंथाचे आचार्य नागदेव यांनी संस्कृतात लिहू दिलं नाही, कारण मग साध्या बायाबापड्या त्या ज्ञानाला पारख्या होतील, ही हकीकत आमच्याकडचे महानुभाव आजही सांगतात. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा सातशेहून जास्त वर्षांपूर्वीचा तो निर्णय मला आठवला. माझ्या वर्गात तर तो रोजच आठवतो. ज्ञान संस्कृतात होतं, आता इंग्रजीत आहे. दाराशी उभी असणारी माणसं मात्र तीच आहेत.

माझी मागणी मोठी नाही. पायथॉनमध्ये वेगळी लायब्ररी न आणता मिळणारी फंक्शनं सत्तरएक आहेत, स्ट्रिंगजवळची चाळीसहून जास्त. एवढ्यांची मराठी नोंद आपल्या विद्यार्थ्यांनी करावी. भाषा शिकणारा एक आणि संगणक जाणणारा एक अशी जोडी बसवावी. प्रत्येक नोंद लिहून झाली की ती एखाद्या तालुक्याच्या वर्गात वाचून दाखवावी आणि मुलांनी काय विचारलं ते पाहून पुन्हा लिहावी. आमचा वर्ग त्यासाठी हजर आहे. तांत्रिक अडचण फारशी नाही. ‘मदत’ नावाचं एक छोटं फंक्शन लिहिता येतं. त्याला वस्तू द्यायची. मराठी नोंद असेल तर ते ती दाखवतं, नसेल तर मूळ इंग्रजी डॉकस्ट्रिंग. आमच्या वर्गात एका मुलानं असं फंक्शन लिहिलंय, ते अवघं वीस-बावीस ओळींचं आहे. आणि आपल्याकडे संगणकाशी संबंधित कुठलाही अभ्यासक्रम असेल किंवा पुढे होईल, तर त्यात मराठी डॉकस्ट्रिंग लिहिण्याला निबंधाइतके गुण असावेत. नेमकं, थोडक्यात आणि समोरच्याला कळेल असं लिहिणं हा मराठी गद्याचाच अभ्यास आहे.

या पत्रासोबत वहीतल्या पहिल्या बारा पानांची प्रत पाठवतो आहे. पहिल्या पानावर लेन आहे. त्याची नोंद मी लिहिली नाही, त्या मुलीनंच लिहिली. तिनं उदाहरण ‘मोताळा’चंच घेतलंय आणि खाली पेन्सिलीनं मो, ता, ळा असे तीन गोल काढून प्रत्येकात दोन-दोन चिन्हं सुटी करून दाखवली आहेत. छापताना ते गोल ठेवावेत, असं तिचं म्हणणं आहे.

आपला नम्र,
मोताळ्यातला एक संगणकशिक्षक